घाटात गाडीचं बळ जातं, चावी फिरवली की परत येतं: जुन्या जर्मन डिझेलच्या लिंप मोडचा छडा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीचा चढ लागतो. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर निम्म्याच्या वर दाबलेला. दोन वळणं गाडी झकास चढते आणि तिसऱ्या वळणावर एकदम तिच्यातलं बळच जातं. झटका नाही, आवाज नाही, धूरही नाही. इंजिन सुरू करताना क्षणभर लागतो तो पिवळा वेटोळ्याचा दिवा लुकलुकायला लागतो. पाय पार खाली गेला तरी इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा तीन हजारांच्या वर जात नाही आणि मागून मालट्रक हॉर्न मारत अंगावर येतो. कडेला घेऊन चावी बंद केली, दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा सुरू केली, की गाडी अशी पळते जणू काही झालंच नव्हतं.

माझ्या गाडीने हे तेरा महिने केलं. माहेर कऱ्हाडला, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा हा रस्ता ठरलेला. गाडी दोन लिटरची जर्मन डिझेल, २०२१ मध्ये घेतली तेव्हा आठ वर्षांची होती. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण हा आजार एका मॉडेलचा नाही. ज्या डिझेलला पाती हलणारा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक) आहे आणि जिने दहा-बारा उन्हाळे पाहिले आहेत, तिला हा कधीतरी होऊ शकतो. जुन्या जर्मन डिझेलवाल्यांना या एका लक्षणापायी सरळ नवा टर्बो घ्यायला लावतात. लाखाच्या पुढचा खर्च होतो आणि दोन महिन्यांनी गाडी त्याच वळणावर पुन्हा बसते. हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलंय की सगळं सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं.

मी ज्या पहिल्या गॅरेजात गेले तिथे स्कॅनर लावला, पडद्यावर ‘टर्बो’ हा शब्द दिसला आणि निकाल लागला. “ताई, टर्बो गेलाय. नवीनच टाकावा लागेल.” दुसऱ्या ठिकाणी हवा मोजणारा सेन्सर बदलला, स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड पुसला, बिल दिलं. पुढच्या खेपेला खंबाटकीत तेच. तिसऱ्या ठिकाणचे मेस्त्री वयस्क होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, “कोड कुठला आला होता? नंबर लिहून घेतलाय का?” माझ्याकडे नव्हता. दोन्ही ठिकाणी कोड वाचून लगेच पुसून टाकला होता आणि मला कुणी कागद दिला नव्हता. सगळं निदान त्या नंबरात होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. कोड पुसू देऊ नका. आधी नंबराचा फोटो काढा.

दोन कोड, दोन उलटी दुखणी

लक्षण एकच दिसतं, पण त्यामागे एकमेकांच्या अगदी विरुद्ध दोन बिघाड असू शकतात. पी०२९९ आला तर टर्बोचा दाब हवा त्यापेक्षा कमी पडला. पी०२३४ आला तर दाब हवा त्यापेक्षा जास्त झाला. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत याच दोन तक्रारी १७९६४ आणि १७९६५ या पाच आकडी नंबरांनी येतात. पहिला कमी दाबाचा, दुसरा जास्त दाबाचा. दोन्हींत इंजिनचा कॉम्प्युटर एकच करतो. टर्बोचं नियंत्रण सोडून देतो, डिझेल आखडतं घेतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच ताकद ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केली की कॉम्प्युटर नव्याने सुरुवात करतो, म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते.

आता हा टर्बो कसा चालतो ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक्झॉस्टच्या बाजूला चाकाभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की धुराला जागा कमी मिळते, त्याचा वेग वाढतो आणि कमी आरपीएमलाही टर्बो जोरात फिरतो. पाती उघडली की दाब उतरतो. ही पाती हलवायला एक दांडी असते आणि दांडी ओढायला पत्र्याची वाटीसारखी डबी. डबीत पडदा असतो आणि तो व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम देणारा पंप इंजिनवरच बसवलेला असतो. ब्रेकच्या बूस्टरलाही तोच व्हॅक्यूम जातो. पंप आणि डबीच्या मध्ये एक विजेची झडप असते, फोक्सवॅगनवाले तिला एन-७५ म्हणतात. कॉम्प्युटर या झडपेला सांगतो किती व्हॅक्यूम जाऊ द्यायचा.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी: व्हॅक्यूम नसेल तर पाती उघडी राहतात आणि दाब कमी पडतो. म्हणजे कुठे गळती असेल तर पी०२९९ येईल, पी०२३४ येणार नाही. उलट पाती मिटलेल्या अवस्थेत अडकली किंवा व्हॅक्यूम डबीतून वेळेवर सुटला नाही तर पी०२३४. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

गाडी फक्त घाटातच का बसते, तेही यातूनच कळतं. शहरात आपण पूर्ण दाब मागतच नाही. मागितला तरी दोन सेकंदांत पुढे सिग्नल येतो. कॉम्प्युटर मागितलेला आणि मिळालेला दाब सतत ताडून बघतो आणि फरक काही सेकंद टिकला तरच कोड टाकतो. खंबाटकीत पाय वीस-तीस सेकंद दाबलेला असतो. तेव्हा लबाडी उघडी पडते.

गाडीलाच विचारा

साधं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र (गाडीच्या सॉकेटात खोचून कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं) आणि मोबाइलमधलं ॲप असेल तरी मिळालेला दाब दिसतो. पण मागितलेला दाबही दिसायला हवा. त्यासाठी फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखं साधन लागतं. स्वतः विकत घ्यायची गरज नाही, ओळखीत कुणाकडे तरी असतं. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच टीडीआयमध्ये (त्यांच्या टर्बो डिझेलचं हे नाव) मेझरिंग ब्लॉक ०११ उघडला की चार आकडे शेजारी दिसतात: आरपीएम, मागितलेला दाब, मिळालेला दाब आणि झडपेला दिलेली टक्केवारी.

इंजिन सुरू करायच्या आधी फक्त चावी फिरवून दाबाचा आकडा बघा. हा आकडा वातावरणाच्या दाबासकट असतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेएवढाच दिसायला हवा. मुंबईत एक हजार ते एक हजार दहा मिलीबार, पुण्यात साधारण साडेनऊशेच्या आसपास, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहे. पुण्यात उभ्या गाडीत अकराशे दिसले तर तो दाबाचा सेन्सरच खोटं बोलतोय, टर्बोकडे बघायचं कारण नाही. या तपासणीला एक मिनिट लागतं आणि मी कुणालाही ती करताना पाहिलेलं नाही.

मग चढाच्या मोकळ्या रस्त्यावर, कुणालातरी शेजारी बसवून, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पंधराशेपासून साडेतीन हजारांपर्यंत पाय पूर्ण दाबून नोंद घ्या. गाडी चालवताना स्वतः मोबाइलकडे बघायचं नाही. नोंद साठवा आणि घरी येऊन वाचा. माझ्या पहिल्या नोंदीत चोवीसशे आरपीएमला गाडीने २१८० मिलीबार मागितले होते, मिळाले होते १६१०. झडपेची टक्केवारी वर वर जाऊन छताला टेकली होती. म्हणजे कॉम्प्युटर ओरडून व्हॅक्यूम मागत होता आणि डबीपर्यंत काही पोचत नव्हतं. जास्त दाबाच्या दुखण्यात चित्र नेमकं उलटं असतं: टक्केवारी तळाला गेलेली आणि मिळालेला दाब तरीही मागितलेल्याच्या वर तरंगतोय.

कमी दाब: टर्बोच्या आधी नळ्या

मेस्त्रींनी हत्यार काढलं ते हातभर रबरी नळी. तिचं एक टोक कानाला लावलं, इंजिन चालू ठेवलं आणि दुसरं टोक बॉनेटमधल्या एकेका बारीक नळीवरून सावकाश फिरवत नेलं. झडपेपासून वीतभर अंतरावर, जिथे नळी इंजिनच्या प्लास्टिकच्या झाकणाखालून वळते, तिथे ते थांबले आणि नळी माझ्या कानाला लावायला दिली. बारीक सीऽऽ असा आवाज येत होता.

ती नळी शिसपेन्सिलीपेक्षा बारीक, वरून सुती विणीचं काळं वेष्टण असलेली. वरून अगदी धडधाकट दिसत होती. म्हणूनच आधीच्या दोघांना दिसली नव्हती. मेस्त्रींनी ती काढून दोन बोटांत वाकवली तेव्हा विणीखालचं रबर टाचेच्या भेगेसारखं उघडलं. सोडली की पुन्हा मिटलं. इंजिन थंड असताना भेग मिटलेली राहायची, तापलं की रबर सैल व्हायचं आणि भेग उघडायची. तेरा महिन्यांचं दुखणं ते एवढंच होतं. नळीचा तुकडा आणि मजुरी मिळून एका वेळच्या डिझेलपेक्षाही कमी खर्च आला.

तेव्हा कोड कमी दाबाचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी दांडी बघा. इंजिन बंद असताना दांडी सैल खाली असते, सुरू केलं की क्षणात वर ओढली जाते, बंद केलं की परत येते. आडव्या बसवलेल्या इंजिनांत टर्बो बऱ्याचदा मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे) असतो आणि डोकं घालून काही दिसत नाही. मी मोबाइलचा व्हिडिओ चालू करून हात आत घातला आणि भाच्याला चावी फिरवायला सांगितलं. दांडी निम्म्यावर येऊन थरथरत होती, ते व्हिडिओत स्वच्छ दिसलं. हात घालताना फॅनपासून आणि पट्ट्यापासून लांब राहा, आणि गरम इंजिनवर हा प्रयोग करू नका.

मग डबी. डबीची नळी काढून तिथे गेज असलेला हातपंप लावा. व्हॅक्यूम हळूहळू वाढवला की दांडी न अडखळता शेवटपर्यंत गेली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर काटा मिनिटभर तिथेच राहिला पाहिजे. काटा घसरला तर आतला पडदा फाटलाय. हातपंप नसेल तर औषधाच्या दुकानातली पन्नास-साठ मिलीची सिरिंज घ्या. आकडा कळणार नाही, पण डबी व्हॅक्यूम धरते की सोडते एवढं नक्की कळतं.

डबी ठीक असेल तर नळ्या एकेक करून. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. त्याच व्हॅक्यूमवर ईजीआरचं (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेचं) आणि हवेच्या झडपेचंही काम चालतं. त्यांच्या फांदीवर गळती असली तरी टर्बोच्या वाट्याचा व्हॅक्यूम कमी होतो. म्हणून एकेक फांदी तात्पुरती बुजवून बघा. एखादी बुजवल्यावर दांडी एकदम ताठ वर गेली तर चोर त्याच फांदीवर आहे. काही गाड्यांत प्लास्टिकचा छोटा गोळा असतो, व्हॅक्यूम साठवायचा. त्याला तळाशी तडा जातो आणि वरून काहीच कळत नाही. आणि उंदीर. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर-घुशी गरम इंजिनवर येऊन बसतात आणि या नळ्या कुरतडतात. नळी जिथे आधारावर टेकलेली असते तिथे खालच्या बाजूने बोट फिरवून बघा.

नवी नळी घेताना आतला व्यास जुळवा आणि जाड भिंतीची घ्या. पातळ सिलिकॉनची नळी स्वस्त मिळते, पण व्हॅक्यूमने चपटी होते आणि नवंच दुखणं सुरू होतं. झडपेवर तीन तोंडं असतात: पंपाकडून येणारं, डबीकडे जाणारं आणि हवा सोडायचं. काढायच्या आधी फोटो काढा. दोन नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून आठवडाभर गॅरेजात पडून राहिलेली गाडी मी पाहिली आहे.

व्हॅक्यूम सगळा नीट असेल आणि तरी दाब कमी, तर दाबाची हवाच कुठेतरी निसटतेय. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतच्या जाड पाईपांचे सांधे बघा. या पाईपांत तेलाचा थोडा अंश नेहमीच असतो. त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे बाहेरून तेलकट ओला डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळी साय धरते. तो डाग म्हणजे पत्ता. चढाला मागे काळा धूर आणि पुढे शिट्टीसारखा आवाज ही त्याचीच खूण. सांध्यातली रबरी रिंग बदलून भागतं, क्वचित पाईप बदलावा लागतो.

ब्रेकचं पेडल कडक वाटत असेल तर मात्र सगळं थांबवा आणि गाडी चालवू नका. मग नळीचा नाही, व्हॅक्यूम पंपाचाच प्रश्न असू शकतो आणि तो ब्रेकचा प्रश्न आहे.

नळी बदलली, तीन महिन्यांनी पुन्हा तेच

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नळी बदलल्यावर गाडी तीन महिने अशी चढली की मी मेस्त्रींना पेढे नेऊन दिले. मग एका रविवारी कऱ्हाडला जाताना त्याच घाटात तोच दिवा. मला वाटलं नळी पुन्हा फाटली. घरच्यांचं मत पडलं की आता ही गाडी विकून टाकावी.

पण या वेळी कोड वाचून ठेवला होता, आणि तो पी०२३४ होता. जास्त दाब. म्हणजे जुनं दुखणं परत आलं नव्हतं, नवं आलं होतं. नोंद घेतली तर मागितलेले २१००, मिळालेले २५०० च्या वर, आणि झडपेची टक्केवारी तळाला.

मेस्त्रींनी त्याचं कारण सांगितलं ते मला पूर्ण पटलं. नळी फुटकी होती तेव्हाच्या तेरा महिन्यांत, आणि कदाचित आधीच्या मालकाकडेही, पाती कधी शेवटपर्यंत मिटलीच नव्हती. अर्ध्याच पल्ल्यात हलत होती. न वापरलेल्या उरलेल्या पल्ल्यात काजळी साचत गेली. नळी नवी आल्यावर व्हॅक्यूम पूर्ण मिळाला, पाती त्या काजळीच्या भागात ओढली गेली आणि तिथे चिकटायला लागली. वर्षभर अर्धवट उघडलेल्या दाराची बिजागरी पुढे गंजते आणि दार पूर्ण लोटलं की तिथेच अडकतं, तसं. पुण्याच्या रहदारीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला चालवलेल्या प्रत्येक डिझेलमध्ये ही काजळी असते. तेल उशिरा बदललं, ईजीआर अर्धवट उघडा राहिला, की ती आणखी वाढते.

हातपंपाने खात्री होते. दांडी वर जाताना एका जागी अडखळते, किंवा व्हॅक्यूम सोडल्यावर लगेच खाली न येता रेंगाळत येते. मात्र दांडी हलकी, न अडकता हलत असेल आणि तरी जास्त दाबाचा कोड येत असेल तर एन-७५ कडे वळा. हवा सोडायच्या तोंडाची जाळी धुळीने बुजलेली असते किंवा एअर फिल्टरकडे जाणारी नळी मुडपलेली असते. मग डबीतला व्हॅक्यूम सुटत नाही आणि पाती मिटलेलीच राहतात. झडप तपासायला दुसरी लावून बघायची असेल तर पार्ट नंबर तोच असल्याची खात्री करा. दिसायला सारख्या झडपा आतून वेगळ्या असतात.

पाती चिकटलेली असतील तर उपाय दोन. टर्बो जागेवर ठेवून फेस सोडून साफ करायचा, किंवा उतरवून उघडून साफ करायचा. जागेवरच्या सफाईने माझी गाडी पाच आठवडे चालली, म्हणून मी ती सुचवत नाही. काजळी सुटते, पण निम्मी तिथेच राहते आणि ओली होऊन पुन्हा बसते. टर्बो उतरवला तेव्हा मी शेजारी उभी होते. गरम बाजूचं घर उघडण्याआधी दोन्ही भागांवर टोच्याने खूण केली, म्हणजे बसवताना तसंच बसेल. कडं बाहेर आल्यावर पाती मोजता येणार नाहीत अशी काळी होती आणि त्यातली एका बाजूची तीन-चार बोटाने ढकलली तरी जागची हलत नव्हती. ब्रशने, डिझेलमध्ये भिजवून, पुसून, पुन्हा भिजवून दोन तासांनी कडं अंगठ्याने अलगद फिरायला लागलं. तो क्षण मला अजून आठवतो. एवढा मोठा खर्च सांगितलेला भाग, आणि त्याला हवी होती ती आंघोळ.

हे काम ज्याच्याकडे द्याल त्याला दोन गोष्टी आधीच सांगा. दांडीची लांबी आणि थांबा ठरवणारा स्क्रू यांना हात लावायचा नाही. ते कारखान्यात मोजून बसवलेले असतात आणि घरगुती अंदाजाने फिरवले की दाबाचं गणित कायमचं बिघडतं. आणि टर्बो परत बसवल्यावर आधी तेल पोचू द्यायचं, मग इंजिन सुरू करायचं. कोरड्या बेअरिंगवर सुरू केलेला टर्बो खरोखरच जातो. सगळे गॅस्केट नवे घालायला लावा.

टर्बो खरंच संपलाय हे कसं ओळखायचं? एअर फिल्टरकडचा पाईप काढून चाकाचा मधला दांडा बोटांनी हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. मागे-पुढे हललेला जाणवता कामा नये आणि चाकाची पाती घराला घासलेली दिसता कामा नयेत. वेग वाढताना सायरनसारखा आवाज, निळसर धूर, तेलाची पातळी झपाट्याने उतरणं, ही खरी लक्षणं. ती असतील तर गाडी चालवत राहू नका.

टर्बोचा काही संबंध नसतो तेव्हा

चढाला दम जाणं, दिवा लागणं, चावीने बरं होणं हे सगळं डिझेल कमी पोचल्यानेही होतं. तेव्हा कोड पी००८७ येतो, म्हणजे कॉमन रेलमधला, इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला, दाब कमी. आधी डिझेल फिल्टर बदला. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणी काढलं गेलंय ना, तेही बघा. फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर कोड न बघताच बदला.

ज्या गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे त्यांच्यात तो काजळीने भरला तरी गाडी बसते, पण त्याचा दिवा आणि कोड वेगळे असतात. भारतात एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाने त्याच वेळी इथे डिझेल थांबवलं, त्यामुळे चाकणची पोलो-व्हेंटो असो की शेंद्र्याची ऑक्टाव्हिया-लॉरा, बाजारातली टीडीआय त्याआधीचीच. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच सहा सिलिंडर डिझेलमध्ये पाती व्हॅक्यूमवर नाही, विजेच्या मोटरवर हलतात. तिथे नळी शोधत बसू नका. मोटर आणि तिची वायरिंग तपासा, बाकी दाबाचं गणित तेच.

जुनी घेताना

हे दुखणं विकणाऱ्याला लपवायला फार सोपं आहे, कारण कोड पुसला की गाडी दोन दिवस गुणी बाळासारखी वागते. विशेषतः दिल्लीकडून आलेल्या गाड्यांत बघा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश आल्यापासून चांगल्या दिसणाऱ्या जर्मन डिझेल मोहात पाडणाऱ्या भावात इकडे येतात.

स्वस्तातलं ओबीडी यंत्र खिशात न्या. बऱ्याच ॲपमध्ये ‘कोड पुसल्यानंतर चाललेलं अंतर’ दिसतं. गाडी लाख किलोमीटर चाललेली आणि हा आकडा बारा किलोमीटर असेल तर काल संध्याकाळी कुणीतरी काहीतरी पुसलंय. भाव करायच्या आधी हे विचारा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड झाल्यावर पुन्हा येते असं सांगा. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर आणि आवाज बघायचाच आहे. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत अर्धा तास चालवून चढावर न्या आणि वीस-तीस सेकंद पाय दाबा. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट त्यासाठी पुरेसा आहे. विकणारा चढावर न्यायला नाही म्हणाला तर त्या गाडीचा विषय तिथेच सोडा.

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि तेल कुठलं घातलंय ते विचारा. जुन्या पंप-इंजेक्टरच्या १.९ टीडीआयला फोक्सवॅगनच्या ५०५.०१ किंवा त्याऐवजी कंपनीने मान्य केलेल्या प्रतीचंच तेल लागतं. त्या इंजिनात इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबतो, आणि साधं तेल घालत राहिलं तर कॅम झिजतो. तो खर्च टर्बोपेक्षाही जड आहे.

आता मी काय करते

पंधरा हजार किलोमीटरला तेल बदला असं पुस्तक सांगतं, मी दहा हजाराला बदलते. शहरातला वापर असेल तर हा फरक टर्बोला दिसतो. आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण तापल्यावर बायपासला वीस मिनिटं तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अडीच-तीन हजारांवर ठेवते, म्हणजे पाती पूर्ण पल्ल्यात हलतात आणि काजळी जळते. लांबून जोरात चालवून आलं की इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर आयडलला ठेवते. पावसाळ्याच्या आधी व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या वाकवून बघते. वेष्टणावर विश्वास ठेवत नाही.

आणि दर सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच नोंदी घेते. सफाईनंतर पहिल्या नोंदीत मागितलेले २१८० आणि मिळालेले २१६५ होते. परवा दिवाळीला माहेरी जाताना खंबाटकीत घेतलेल्या नोंदीत फरक तीस मिलीबारचा आहे. फरक शंभराच्या पुढे जायला लागला की मी गाडी मेस्त्रींकडे नेणार आहे, दिवा लागायची वाट न बघता.